ब्रिजमध्ये भिडू प्रतिपक्षाचाच रंग बोलला, तर पास म्हणू नका

उजवीकडच्यानं १ चौकट म्हणून बोली उघडली. तुमच्याकडे पाच चांगली इस्पिकं, म्हणून तुम्ही १ इस्पिक म्हणालात. डावीकडचा पास. आणि समोरून भिडू म्हणाला, २ चौकट.

तुम्ही पानांकडे बघता. नऊच पॉइंट आहेत. भिडूकडे चौकट भरपूर असतील, असं तुम्हाला वाटतं. उगाच बोली वर कशाला न्यायची? तुम्ही पास म्हणता.

आता २ चौकट खेळायला भिडू बसला. त्याच्याकडे दोन चौकट, तुमच्याकडे दोन. उरलेली नऊ त्या दोघांकडे. हुकूम त्यांचा, बोली तुमची. पाच हात कमी पडले तर २५० गेले. व्हल्नरेबल असाल तर ५००. आणि इस्पिकचे आठ हात तुमचे सहज झाले असते.

पॉइंट जातात ते जातातच. भिडू नवरा किंवा बायको असेल, तर घरी जाईपर्यंत गाडीत हाच विषय चालतो.

हे टाळता येतं. त्यासाठी मोठी पुस्तकं वाचायला नकोत. संध्याकाळी चहा घेताना भिडूबरोबर अर्धा तास बसा आणि पुढच्या गोष्टी एकदा नक्की करून घ्या.

पहिली गोष्ट सर्वात महत्त्वाची. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. तुम्ही एखादा रंग बोललात, आणि नंतर भिडू प्रतिपक्षाचा रंग बोलला, तर त्याला त्या रंगात खेळायचं नाही. तो म्हणतोय, "तुझा रंग मला पसंत आहे, आणि माझी पानं चांगली आहेत." यालाच क्यूबिड म्हणतात. शेजाऱ्याच्या अंगणातून आपल्याच घरी यायचा हा रस्ता आहे. मध्येच अंगणात मुक्काम करायचा नसतो.

असं का ठरलं, तेही समजून घ्या. कारण कळलं की लक्षात राहतं. प्रतिपक्षानं चौकट बोलली आणि तुमच्याकडेही पाच चौकट असल्या, तर तुम्हाला तो रंग खेळायची घाई नसते. गप्प बसायचं आणि ते अडकतात का ते बघायचं. म्हणजे २ चौकट ही बोली तुमच्या बाजूला तशी रिकामीच पडून असते. तिला दुसरं काम दिलं तर काही बिघडत नाही. शिवाय ती स्वस्त आहे. २ इस्पिकच्या खाली बसते. तिच्यानंतरही तुम्हाला २ इस्पिकवर थांबता येतं.

आता पत्ते समोर घ्या. प्रतिपक्षाची १ चौकट, भिडूची १ इस्पिक, मधला पास, आता बोली तुमची. तुमच्याकडे ही पानं आहेत. इस्पिक: राजा, दश्शी, चौकी. बदाम: एक्का, सत्ती, पंजी, दुर्री. चौकट: अठ्ठी, तिर्री. किलवर: राजा, गुलाम, नव्वी, पंजी. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, या नेहमीच्या हिशेबानं ११ पॉइंट झाले. इस्पिकची तीन पानं आहेत. भिडूकडे निदान पाच असणार, म्हणजे दोघांची मिळून आठ. म्हणा २ चौकट.

भिडूचा ओव्हरकॉल, म्हणजे प्रतिपक्षानं उघडल्यावर केलेली १ इस्पिक, आठ पॉइंटांचाही असू शकतो आणि पंधराचाही. तुम्हाला ते माहीत नाही. क्यूबिडनं तुम्ही त्याला तेच विचारता. हलकी पानं असतील तर तो आपल्या रंगात सर्वात स्वस्त बोली करेल, म्हणजे २ इस्पिक. मग तुम्ही ११ पॉइंटांवर पास म्हणा आणि पानं खाली ठेवा. त्याच्याकडे चौदा असतील तर तो ३ इस्पिकवर, नाहीतर थेट ४ इस्पिकवर उडी मारेल. चौदा आणि अकरा पंचवीस. गेम बोलायला तेवढे पुरतात.

तुमच्याकडेच पंधरा असतील तर? तरी सुरुवात क्यूबिडनंच करा. भिडू २ इस्पिकवर परतला तरी तुम्ही स्वतः पुढे जा. क्यूबिड म्हणजे दहा-अकरा "किंवा जास्त". ती वरून मोकळी आहे. म्हणून तर भिडूनं तिच्यावर पास म्हणायचं नसतं.

आता दुसरी पानं. इस्पिक: राजा, नव्वी, सत्ती, चौकी. बदाम: फक्त तिर्री. चौकट: दश्शी, अठ्ठी, पंजी, दुर्री. किलवर: गुलाम, नव्वी, छक्की, चौकी. पॉइंट चारच. पण इस्पिकची चार पानं आहेत आणि बदामाचं एकच.

इथे म्हणा ३ इस्पिक. थेट. बरेच जण इथे दचकतात. चार पॉइंटांवर तीनची बोली कशी करायची?

करायची, कारण तुमची मिळून नऊ इस्पिकं आहेत. पॉइंट कमी म्हणजे बाकीचे पॉइंट त्यांच्याकडे. त्यांचाही कुठला तरी रंग जुळणार. त्यांना तो सापडण्याआधी बोली उंच न्या. त्यांना मग चारच्या पातळीवर अंदाजानं बोलावं लागेल. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हर्न यांनी १९६९ मध्ये लेख लिहून हा हिशेब मांडला. अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांच्या पुस्तकामुळे तो पुढे जगभर पोचला. तुमच्यापुरतं सार असं: दोघांची मिळून आठ पानं असतील तर दोनपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत, दहा असतील तर चारपर्यंत जायला फार भिऊ नका. दर वेळी हात बरोबर निघतील असं नाही. पण लांब पल्ल्यात हे फायद्याचं पडतं. तुम्ही व्हल्नरेबल असाल आणि ते नसतील, तर मात्र हात जरा आखडता घ्या. तेव्हा डबल महाग पडतो.

म्हणजे भिडूचा रंग उचलायचे तीन रस्ते झाले. सहा ते नऊ पॉइंट आणि तीन पानं असतील तर साधं २ इस्पिक. पानं जास्त पण पॉइंट कमी, तर उडी मारून ३ इस्पिक. दहा किंवा वर, तर त्यांचा रंग.

यातला मधला रस्ता दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय वापरू नका. तुम्ही ३ इस्पिक दुबळ्या पानांवर म्हणालात आणि भिडूला ती ताकदीची वाटली, तर तो तेरा पॉइंटांवर ४ इस्पिक म्हणेल आणि दोन हातांनी पडेल. क्यूबिडच्या भांडणांत क्यूबिडपेक्षा ही उडीच जास्त वेळा घोटाळा करते, असं माझं मत आहे.

आता बोली तुम्ही उघडलीत तर काय? तिथेही हाच नियम. तुम्ही १ बदाम म्हणालात, पुढच्यानं १ इस्पिकचा ओव्हरकॉल केला, भिडू म्हणाला २ इस्पिक. अर्थ: बदामाची निदान तीन पानं आणि दहा किंवा जास्त पॉइंट. तुम्ही बारा-तेरावर उघडलं असेल तर ३ बदामावर परत या. पंधरा असतील तर ४ बदाम म्हणा.

इथे एक जुनी सवय आड येते. प्रतिपक्ष गप्प असतो तेव्हा १ बदामावर ३ बदाम म्हणजे साधारण दहा-अकरा पॉइंट आणि चार बदाम, असं आपल्यापैकी बरेच जण शिकले. मध्ये ओव्हरकॉल आला की आजकाल बहुतेक जण त्याच ३ बदामाचा अर्थ उलटा करतात: चार बदाम, पण पानं हलकी. ताकद दाखवायची जागा आता क्यूबिडनं घेतलेली असते. तुमचा भिडू यातलं कुठलं खेळतो, ते त्याला विचारा. अंदाज करू नका.

घोळ झाला तर काय किंमत पडते ते बघा. भिडू अकरावर ३ बदाम म्हणाला, तुम्ही ते दुबळं समजून चौदावर पास केलंत, आणि दहा हात झाले. वहीत पडले १७०. गेम बोलला असतात तर ४२० मिळाले असते, व्हल्नरेबल असताना ६२०.

ओव्हरकॉल उडीचा असेल, म्हणजे १ बदामावर २ इस्पिक, तर भिडूची क्यूबिड ३ इस्पिक होते. ती ३ बदामाच्या वर गेली. आता परत फिरायला जागा नाही, चारवरच जावं लागणार. म्हणून दहा-अकरावर ही बोली करू नका, साधं ३ बदाम म्हणा. क्यूबिड गेमच्या पानांसाठी राखून ठेवा. बोली करण्याआधी एवढंच बघा, की भिडू हलका असला तर आपण कुठे थांबणार. थांबायला जागा नसेल तर तेवढी पानं हवीत.

प्रतिपक्षानं रंग न बोलता डबल दिला असेल, तर क्यूबिड करायला त्यांचा रंगच नसतो. तिथे २ नो ट्रंप ही बोली "भिडूचा रंग पसंत, दहा किंवा वर" या अर्थानं वापरायची पद्धत आहे. घ्यायची असेल तर घ्या. नाही घेतलीत तरी अडत नाही.

आता सर्वात मोठा खड्डा. वर सांगितलेलं सगळं भिडू आधी बोलला असेल तेव्हाचं आहे. भिडू अजून काहीच बोलला नसेल, आणि उजवीकडच्याच्या १ इस्पिकवर तुम्ही लगेच २ इस्पिक म्हणालात, तर त्याचा अर्थ पूर्ण वेगळा. याला मायकेल्स म्हणतात. त्यांनी इस्पिक उघडली असेल तर तुमच्याकडे पाच बदाम आणि किलवर किंवा चौकट यांपैकी एकाची पाच पानं. बदाम उघडला असेल तर पाच इस्पिकं आणि खालच्या दोन रंगांपैकी एक. त्यांनी किलवर किंवा चौकट उघडली असेल तर इस्पिक आणि बदाम, दोन्हींची पाच-पाच.

यात आणखी एक मेख आहे. घरात गोरेनची जुनी पुस्तकं वाचून शिकलेले आजोबा असतील, तर त्यांच्यासाठी हीच बोली म्हणजे फार जबरदस्त पानं, गेम होईपर्यंत थांबायचं नाही. नातू बीबीओ या ऑनलाइन ब्रिजच्या साइटवर शिकला असेल, तर त्याला आठ-नऊ पॉइंट आणि दोन लांब रंग पुरतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण ते समोरासमोर भिडू म्हणून बसले तर नातवाच्या नऊ पॉइंटांवर आजोबा थेट स्लॅमपर्यंत जाऊन येतील. नव्या भिडूबरोबर बसताना निदान हा एक प्रश्न टाळू नका.

म्हणून कुठलीही क्यूबिड ऐकली की स्वतःला एकच विचारा. ही बोली करणाऱ्याच्या भिडूनं आधी रंग दाखवला होता का? दाखवला असेल तर पाठिंबा. नसेल तर स्वतःचे दोन रंग.

यालाही अपवाद आहे, आणि तो कामाचा आहे. तुम्ही १ चौकट उघडली, पुढच्यानं १ इस्पिक, भिडू २ किलवर, मग पास, आणि आता तुम्ही म्हणालात २ इस्पिक. इस्पिक त्यांची. बदाम जुळायची चिन्हं नाहीत. किलवर-चौकटमध्ये गेम करायला अकरा हात लागतात. नऊ हातांत काम भागत असेल, तर ३ नो ट्रंप कधीही बरं. पण इस्पिक अडवायला तुमच्याकडे काही नाही. म्हणून ही क्यूबिड भिडूला विचारते: तुझ्याकडे इस्पिक अडवणारं पान आहे का?

अडवणारं पान म्हणजे एक्का, राजा आणि एक लहान, किंवा राणी आणि दोन लहान. असेल तर भिडूनं नो ट्रंप म्हणायचं, म्हणजे खेळायला तोच बसतो. याचा आणखी एक फायदा होतो. राजा आणि दुर्री भिडूकडे असतील, तर पहिली उतारी त्याच्या डावीकडून येते आणि त्याचं पान शेवटी पडतं. ओव्हरकॉल करणाऱ्याला एक्का टाकावा लागतो, नाहीतर राजा हात घेतो. तेच पान तुमच्याकडे, म्हणजे डमीत उघडं असतं, तर ओव्हरकॉल करणारा आधी खेळला नसता, तो राजावर टपून बसला असता.

हा अर्थ ओळखायचा कसा? पहिल्याच संधीला केलेली क्यूबिड पाठिंब्याची. दोघांनी रंग दाखवून झाल्यावर, आणि इस्पिक किंवा बदाम जुळलेला नसताना आलेली, ती अडवणाऱ्या पानाची. सगळे प्रसंग यात बसतात असं नाही. पण रोजच्या खेळाला एवढं पुरतं.

कधी प्रतिपक्ष दोन रंग बोलतो. १ किलवर, भिडूचा १ बदाम, मग उजवीकडून १ इस्पिक. आता २ किलवर आणि २ इस्पिक, दोन्ही त्यांचेच रंग. काही जोड्या स्वस्त बोली तीन पानांच्या पाठिंब्यासाठी आणि महाग बोली चार पानांसाठी ठेवतात. नवी जोडी असाल तर दोन्हींचा अर्थ एकच ठेवा: बदाम पसंत, पानं चांगली. सहा महिने खेळून झाल्यावर बारकावे घाला.

आणि ताकद आहे, पण भिडूच्या रंगाला पाठिंबा नाही, तर? तुमच्याकडे चौदा पॉइंट आणि स्वतःचा सहा पानांचा रंग असू शकतो. भिडूच्या ओव्हरकॉलवर नवा रंग बोलला तर त्याला पास म्हणायची मुभा आहे की नाही, हे आधी ठरवा. मुभा नसेल तर सरळ आपला रंग बोला. मुभा असेल तर आधी क्यूबिड करा आणि मग आपला रंग दाखवा. पहिल्या क्यूबिडनं भिडूला पाठिंबा वाटेल, पण दुसऱ्या बोलीनं त्याचा गैरसमज दूर होईल. दोन्ही पद्धती चालतात, फक्त दोघांची एकच हवी.

टेबलावर वागायचं कसं, तेही थोडं सांगतो. क्यूबिड करताना भिडूकडे रोखून बघू नका. पत्ता टेबलावर आपटू नका. "कळलं ना?" असा चेहरा करू नका. बोलीच्या पेटीतलं कार्ड शांतपणे ठेवा. प्रतिपक्षानं अर्थ विचारला तर भिडूनं जे ठरलंय ते सगळं सांगायचं. "नेहमीचं" म्हणून झटकू नका. कुठली बोली अलर्ट करायची, हे स्पर्धेचे आयोजक ठरवतात. सुरुवातीलाच डायरेक्टरला विचारून घ्या. बीबीओवर स्वतःच्या बोलीचा अर्थ स्वतःच लिहायचा असतो.

भिडूनं तुमच्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगितला, तर लगेच तोंड उघडू नका. खेळणारी बाजू तुमची असेल, तर बोली संपल्यावर आणि पहिली उतारी होण्याआधी डायरेक्टरला बोलवा आणि खरं काय ठरलंय ते सांगा. तुम्ही बचाव करत असाल तर डाव संपेपर्यंत थांबा, मग सांगा. लवकर सांगितलंत तर भिडूलाच माहिती मिळते, आणि नियमाला ते चालत नाही.

सराव घरीच करा. बावन्न पानं पिसा, चौघांना वाटा. एकाला सांगा की पानं काहीही असोत, तू १ चौकट म्हणायचं. त्याच्या पुढच्याकडे पाच इस्पिकं किंवा पाच बदाम नसतील तर पुन्हा वाटा. असतील तर फक्त बोली करा, डाव खेळू नका. बोली संपली की चौघांची पानं उघडी करा आणि बघा, क्यूबिड कुठे हवी होती, उडी कुठे हवी होती. एका संध्याकाळी असे बरेच डाव होतात.

आणि वयाची काळजी करू नका. २०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आलं. प्रणब बर्धन आणि शिबनाथ डे सरकार यांनी पुरुष जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. दोघं कित्येक वर्षं एकमेकांसमोर बसलेले. त्या बातमीनंतर "आता या वयात मला कसं जमणार?" असं विचारणाऱ्यांना मी तेच उदाहरण देतो.

शेवटी कागदाचं काम. एका कार्डावर दोघांनी मिळून लिहा. भिडू बोलल्यावर त्यांचा रंग म्हणजे काय. भिडू बोललेला नसताना त्यांचा रंग म्हणजे काय. ओव्हरकॉलवर आणि ओव्हरकॉलनंतर तीनची उडी दुबळी की ताकदीची. नवा रंग पास करता येतो की नाही. चार ओळींत होतं. क्लबात छापील कन्व्हेन्शन कार्ड मिळालं तर त्यावर लिहा, नाहीतर साधा कागदही चालेल. दोन प्रती करा, एक तुमच्या पाकिटात, एक भिडूच्या. बोली चालू असताना आपलं कार्ड बघायचं नसतं, म्हणून खेळायला निघण्याआधी एकदा वाचा.